फुलीच्या ओळी

दिवाळी सरली की कन्नड गावच्या रस्त्यावरल्या बाभळींना कापूस लागतो. वेचणीचा माल भरून ट्रॅक्टर जिनिंगकडे निघतात, रस्त्यावर झुकलेल्या फांद्या त्यांतून पुंजका पुंजका ओढून घेतात, आणि चार दिवसांत काट्याकाट्यावर असा पांढरा बहर येतो की परगावच्या माणसाला ते बाभळीचेच फूल वाटावे. यंदा मुलीने मला गाडीतून तिकडे फिरवून आणले. काच खाली करताच सरकीचा तेलकट, उबट वास आत आला आणि पंचवीस वर्षांपूर्वीचा एक कार्तिक माझ्या शेजारी येऊन बसला.

तो कार्तिक मी आजवर लिहिला नव्हता. घडले ते मला ठाऊक होते, तेवढे पुरेसे होते. परंतु गेल्या महिन्यात आमच्या महाविद्यालयाची स्मरणिका घरी आली आणि तिच्यात माझे जुने सहकारी प्रा. कुलकर्णी यांनी त्याच कार्तिकाविषयी दोन पाने खर्ची घातलेली दिसली. ते लिहितात, ‘संगणकाने एका अनुभवी प्राध्यापकाचा पराभव केला, आणि ते पुढे महिनाभर प्रयोगशाळेकडे फिरकले नाहीत.’ याच्या उलट माझे काही विद्यार्थी प्रत्येक मेळाव्यात सांगतात की सरांनी एका नजरेत चूक पकडली, आमच्या तरुण व्याख्याती कांचनने नुसती कळफलकावर बोटे चालवली. पहिली कथा माझा अपमान करते, दुसरी माझी आरती करते. दोन्ही खोट्या आहेत. आणि मला दुसरीचा राग अधिक येतो, कारण पहिलीत निदान कांचनचे काम तरी शाबूत आहे.

म्हणून आता माझे ऐका.

निवृत्तीला वर्ष उरले होते. देवगाव रंगारीच्या बाजूच्या एका जिनिंगमधून महाविद्यालयाकडे विनंती आली होती. कापसातून सरकी वेगळी करणारे यंत्र म्हणजे रेचा. त्याच्या रुळांपुढे बाया बसतात आणि हाताने कापूस सरकवतात. रुळांवर झाकण असते, पण ते दर वेळी उघडणे-मिटणे म्हणजे खोळंबा, म्हणून ते सुतळीने वर बांधून ठेवण्याची तिथे वर्षानुवर्षांची रीत. बोटे जात. मालकाला अखेर असे काही हवे होते की झाकण उघडे असताना रेचा फिरूच नये. एका बोर्डात बसेल असे छोटे तर्क-परिपथ, म्हणजे ‘हो’ आणि ‘नाही’ यांची सांगड घालणाऱ्या गेटांची जुळणी. ते काम माझ्याकडे आले, कारण जिल्ह्यात ते माझ्याहून चांगले करणारा कोणी नव्हता. हे मी आजही म्हणतो.

पाच तारा आत येत होत्या. एक तार सांगे की झाकण मिटले आहे, दुसरी सांगे की झाकण पुरते उघडे आहे. उरलेल्या तीन तारा बटणांकडून आणि मोटरकडून येत. पाच तारांचे ‘हो-नाही’ मांडले की बत्तीस ओळींचा तक्ता होतो. प्रत्येक ओळीपुढे लिहायचे, रेचा फिरेल की थांबेल. मग चौकटींच्या नकाशावर त्या ओळी मांडून शेजारच्या चौकटी एकत्र गुंडाळत जायचे, आणि जितके गुंडाळाल तितकी गेटे कमी. या गुंडाळण्यात एक सवलत असते. जी ओळ प्रत्यक्षात कधी घडूच शकत नाही, तिच्यापुढे उत्तर न लिहिता फुली मारावी. फुली कोणत्याही बाजूने वळवता येते. परिपथ लहान करणाऱ्याला ती सणासारखी वाटते. झाकण एकाच वेळी मिटलेले आणि उघडे कसे असेल? मी त्या सगळ्या ओळींवर, म्हणजे तक्त्याच्या चौथ्या हिश्श्यावर, फुल्या मारल्या. सात गेटांत काम संपले. सात. मी तो कागद कर्मचारी-खोलीच्या फळ्यावर टाचणीने लावला होता, हे कुलकर्णींनी लिहिले आहे आणि ते खरे आहे.

औरंगपुऱ्यात एका कापडदुकानाच्या वर जब्बारभाईंचे बोर्ड बनवण्याचे दुकान होते. जिना इतका अरुंद की वर जाणाऱ्याने खाली येणाऱ्याला सलाम करून मागे सरावे. वर राळेचा गोडसर धूर, कथिलाचे थेंब आणि सतत उकळणारा चहा. त्यांनी दोन चिपांच्या जागा असलेला बोर्ड कोरून घेतला. एका चिपेत चार गेटे, दोन चिपांत आठ. माझी सात बसून एक शिल्लक. जिनिंग बाजाराच्या दिवशी बंद असे. येत्या बाजाराला बोर्ड बसवायचे ठरले. मालकाने बजावले होते की तो दिवस हुकला तर पुढल्या साली बघू; हंगाम थांबत नाही.

कांचन आमच्याकडे नुकतीच व्याख्याती झाली होती आणि पदव्युत्तर प्रबंध लिहीत होती. विषय तिने निवडला होता तो बुलियन पूर्ततेच्या पद्धतीचा. पोरे त्याला ‘सॅट’ म्हणत. बाजाराला आठ दिवस असताना ती माझ्या टेबलापाशी आली.

“सर, तुमचा परिपथ मी प्रोग्रॅमला दिला.”

“मग? शाबासकी दिली त्याने?”

“मी त्याला एकच प्रश्न विचारला. झाकण उघडं असताना रेचा फिरेल, अशी एक तरी परिस्थिती आहे का?”

“आणि?”

“आहे म्हणतोय.” तिने कागद पुढे केला. त्यावर पाच आकडे होते. माझ्या फुलीच्या ओळींपैकी एक.

मी हसलो. तिला समजावले की ही ओळ घडत नसते. ती म्हणाली, “प्रोग्रॅमला ते ठाऊक नाही, सर.” मी म्हणालो, “त्याला ठाऊक नाही, पण तुला असायला हवं.” त्यावर ती जे म्हणाली ते कुलकर्णींच्या लेखात नाही, कारण कुलकर्णी तेव्हा तिथे नव्हते. ती म्हणाली, “मला ठाऊक आहे म्हणूनच विचारलं. माझी आई त्याच रेच्यावर बसते.”

इथे वाचकाला ही पद्धत सांगितली पाहिजे, नाहीतर तो मला अडाण्यांत काढील किंवा कांचनला जादूगारांत. घरच्या लग्नात पंगत बसवायची आहे असे समजा. थोरले मेहुणे बसले तर धाकटे बसणार नाहीत. आत्याबाई पहिल्या पंगतीत तरी हव्यात, किंवा वाढायला तरी. मामा हवेत, पण मामा असतील तर काका नकोत. अशा शंभर अटी. सगळ्या एकाच वेळी पाळल्या जातील अशी मांडणी आहे का, एवढाच प्रश्न. प्रोग्रॅमने एकेकाला ‘हो’ किंवा ‘नाही’ धरून पुढे जायचे. कुठे अटी भांडल्या की मागे यायचे. पण मागे येताना नेमके कोणामुळे अडले ते तो टिपून ठेवतो, आणि त्या वाटेने पुन्हा जात नाही. हा गुण मला माझ्या वयाच्या माणसांत क्वचित आढळला आहे. परिपथाचेही असेच. प्रत्येक गेट म्हणजे थोड्याशा अटी, आणि शेवटची अट आपण घालायची: ‘झाकण उघडे, आणि तरीही मोटर चालू.’ मांडणी सापडली तर ती तुमची चूक, पत्त्यासकट. नाही सापडली, तर तुमचा परिपथ निर्दोष असल्याची ती सिद्धता.

मला ही रीत आतून आवडली, हे त्या दिवशी मी कबूल केले नाही. आयुष्यभर मी माझे म्हणणे बरोबर कसे हे सांगत आलो. हे यंत्र सर्व शक्ती पणाला लावून तुम्ही चूक कसे हे शोधते आणि हरले तरच मान देते. असा प्रतिपक्षी मला कोणत्याही सभेत भेटला नव्हता.

तरी मी भांडलोच. तीन दिवस. चौथ्या दिवशी कांचन म्हणाली, “चला सर, येष्टीनं जाऊन बघून येऊ.” मी गेलो ते तिला खोटे पाडायला, हे इथे स्वच्छ लिहितो.

जिनिंगच्या आत ऊन शिरत होते ते दुधासारखे. तुळयांवर, जाळ्यांवर, कोळ्यांच्या धाग्यांवर रुई साचून त्यांचे दोरखंड झाले होते. भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या देवाला दाढी आली होती. श्वास घेतला की ओठांवर काहीतरी बसे. कांचनची आई, गयाबाई, नाका-तोंडावर पदर बांधून रेच्यापुढे बसली होती. लेकीने कानाशी काहीतरी सांगितले तशी ती उठली. मला म्हणाली, “तुमीच का त्ये मास्तर? कांची लई भांडती म्हनं तुमच्यासंगं.”

“मीच.”

“भांडू द्या. घरी बी आसंच करती.”

चाचणीसाठी लावलेल्या माझ्या दोन कळा झाकणाच्या दोन टोकांना होत्या. गयाबाईने सुतळी सोडून झाकण मिटले आणि पुन्हा उघडले. उघडल्याची कळ दाबली गेली. मिटल्याची कळ सुटायला हवी होती. ती सुटली नाही. तिच्या पट्टीमागे रुईचा घट्ट बोळा बसला होता, जणू कुणी मुद्दाम ठासलेला.

“ह्ये बघा,” गयाबाई म्हणाली. “ही म्हनती मिटलंय, ती म्हनती उघडंय. दोघी बी खोटं बोलत नायत, मास्तर. हिच्या तोंडात बोळा हाय.” डोक्यातली पिन काढून तिने तो कोरून काढला. “दिसातून चारदा कोरते मी. ध्यान ऱ्हायलं नाय तर तसंच.”

मी मोजत होतो. माझा बोर्ड बसला असता आणि हा बोळा साचला असता, तर उघड्या झाकणात रेचा फिरला असता. सुतळीने झाकण बांधून काम करणाऱ्या बाईला निदान भीती होती. भीतीने हात जपून चालतो. माझ्या बोर्डाने तिची ती भीती काढून घेतली असती आणि बदल्यात काही दिले नसते. मी ज्या ओळी कधीच घडत नाहीत म्हणालो, त्या इथे दिवसातून चारदा घडत होत्या आणि एक बाई त्या पिनेने पुसत होती.

परतीच्या गाडीत एका फाट्यावर दौलताबादचे पेरू घेऊन एक जण खिडकीशी आला. कांचनने दोन घेतले आणि एक न विचारता माझ्या हातात ठेवला. तो मी खाल्ला. ज्यांना माझ्या माफीचा पुरावा हवा असेल त्यांनी तो समजावा.

निजामाच्या राज्यात पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी दुसरीत होतो. पहिली मी उर्दूत शिकलो, तिसरी मराठीत. अक्षरांनी दिशा बदलली, पाटीची उजवी बाजू डावी झाली, आणि वर्गातली हुशार पोरे आठ दिवसांत ढ ठरली. पण अंक दोन्हीकडे डावीकडूनच लिहीत आणि बेरीज तीच येई. त्या वयात मला एवढाच आधार होता. पुढे परिपथ शिकवताना वाटे की मी तोच आधार शिकवतो आहे: रूप बदलले तरी उत्तर बदलता कामा नये. त्या कार्तिकात समजले की उत्तर न बदलणे पुरेसे नाही. प्रश्न विचारायचा कोणत्या ओळीला आणि सोडायचे कोणत्या, हे ठरवणारा हात कापसात बुडालेला असावा लागतो.

फुल्या काढून तिथे ‘थांब’ लिहिले आणि पुन्हा नकाशा मांडला. दहा गेटे झाली. दोन दिवस घासले, दहाच. जब्बारभाईंकडे गेलो.

“दस? सर, बोर्ड में दो चिप की जगह हैं. तिसरी क्या टोपी में बिठाऊं?”

“नवा बोर्ड किती दिवसांत होईल?”

“बाजार के बाद. ऊससे पहले नक्को बोलो.” चहाचा पेला माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, “आठ में बिठा दो ना. तुमकू कौन बड़ी बात हैं.”

बाजाराला दोन दिवस होते. प्रयोगशाळेत जाऊन मी कांचनला म्हणालो, “आता तुझ्या यंत्राला माझा दुसरा प्रश्न विचार.” कुलकर्णींनी लक्षात घ्यावे, मी फिरकलो नाही असे ते ज्या दिवसांविषयी लिहितात, त्या दिवसांत मी तिच्या शेजारच्या लाकडी स्टुलावर बसलेला होतो. प्रश्न असा होता: आठ गेटे आहेत, कोणत्या गेटात कोणती तार जाते ते ठरलेले नाही, बत्तीसही ओळींची उत्तरे बरोबर यावीत अशी काही जोडणी आहे का? जोडण्या स्वतःच आता ‘हो-नाही’ झाल्या होत्या. ही तार त्या गेटात जाते का, हो की नाही. पंगत तीच, पाहुणे हजारोंनी वाढले. अटी मांडायला आम्हाला सकाळ गेली. दोनदा मी तिची चूक काढली, तिने माझी चारदा.

दुपारी तीनच्या सुमारास उत्तर आले. ‘आहे.’

जोडणी कागदावर काढली आणि मला ती कुरूप वाटली. एका गेटाचे उत्तर तीन ठिकाणी वापरलेले, एक तार उलटसुलट फिरून परत आलेली. कोणत्याही शिक्षकाने ती फळ्यावर काढली नसती. मी ती ओळीओळीने तपासली. बत्तीसच्या बत्तीस बरोबर. मग कांचनने तिचा पहिला प्रश्न पुन्हा विचारला, या नव्या परिपथाला: झाकण उघडे असताना रेचा फिरेल अशी परिस्थिती आहे का? ‘नाही.’ त्या एका शब्दासाठी मी इतका थांबलो आहे असे माझ्या निकालांच्या दिवसांतही झाले नव्हते.

“सात विचार,” मी म्हणालो.

“आठ बसतात ना, सर. कशाला?”

“विचार.”

ते उत्तर बाजाराच्या आत आले नाही. भारनियमनाने दोनदा यंत्र बंद पाडले, दोनदा पहिल्यापासून सुरू करावे लागले. पाचव्या दिवशी उत्तर आले: सातांत होत नाही. कोणत्याही जोडणीने, कोणाही माणसाला, कधीही नाही. कुलकर्णी याला माझा पराभव म्हणतात. ज्याने आयुष्यभर ‘याहून लहान होणार नाही’ हे नुसत्या ठाम आवाजात सांगितले, त्याला ते पहिल्यांदा सिद्ध झालेले दिसले. माझे ते टाचणीने लावलेले सात कधीच खरे नव्हते हे त्याच वेळी सिद्ध झाले, हेही खरे. कागद मी स्वतः काढला. टाचणी फळ्याला राहू दिली.

परंतु बाजाराचा दिवस आधी येऊन गेला होता, आणि तोच सांगायचा आहे.

जिनिंग बंद होती. पट्टे थांबले की तिथे किती शांत असते ते तेव्हा कळले. कापूस आवाज पितो. जब्बारभाईंनी बोर्ड बसवला. मी उत्साहात उघड्या झाकणात हात घालायला पुढे झालो, माझ्या परिपथावर माझा विश्वास किती ते दाखवायला. कांचनने मनगट धरले.

“सिद्धता कागदाची आहे, सर. वायर जब्बारभाईंनी जोडलीय.”

“सही बोलती,” जब्बारभाई म्हणाले. “मैं बी इन्सान हूं.”

तेव्हा बत्तीस ओळी आम्ही हाताने तपासल्या. कांचन तक्ता वाचे, मी कळा दाबी, जब्बारभाई मोटर पाहत. फुलीच्या ओळी आल्या तेव्हा गयाबाईने मिटल्याच्या कळेच्या पट्टीमागे रुईचा बोळा आपल्या हाताने ठासला, झाकण उघडले आणि रुळांत कापसाच्या झाडाची, पऱ्हाटीची काडी धरून ठेवली. मी चालूचे बटण दाबले. काही झाले नाही. पुन्हा दाबले. काडी तशीच.

“मेली का काय मशीन?” ती म्हणाली.

“मेली नाही. थांबलीय,” मी म्हणालो.

तिने बोळा कोरून काढला, झाकण मिटले, मी बटण दाबले आणि रेचा फिरला. गयाबाई हसली नाही. तिने झाकणाच्या कडीला अडकवलेली सुतळी सोडली, गुंडाळली आणि कनवटीला लावली. म्हणाली, घरी भाजीची जुडी बांधायला होईल.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून एकटाच पुन्हा गेलो. कांचनला सांगितले नाही. दारापाशी रुईच्या एका गाठीवर बसून दिवसभर गयाबाईचा रेचा पाहत राहिलो. तिच्या डाव्या करंगळीला टोक नव्हते. ते कोणत्या साली गेले ते मी विचारले नाही. अडकले की ती झाकण उघडी, रूळ थांबत, ती हात घाले, गुंता काढी, झाकण मिटे, रूळ फिरत. दुपारी एकदा झाकण मिटल्यावरही रेचा फिरला नाही, तिने वाकून पाहिले, उघडल्याच्या कळेमागचा बोळा पिनेने काढला आणि शेजारणीला म्हणाली, “हिला आता माझ्याआधी कळतंय.” संध्याकाळी भोंगा झाला. तिने पदर सोडला, हात झटकले, आणि जेवढी बोटे घेऊन सकाळी आली होती तेवढी सगळी घेऊन घरी गेली.